मदत हवी आहे: मेमरी नेमकी कोण खातंय, कसं मोजू?

नमस्कार मंडळी. नारायण पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत ४ जीबी रॅमचे सहा जुने लॅपटॉप आहेत, सगळ्यांवर लिनक्स. दुपारनंतर ते इतके रखडतात की मुलं सराव चाचणी अर्धवट सोडून उठतात. फार वाईट वाटतं. सगळे म्हणतात, हल्लीची सॉफ्टवेअर फुगलीत, रॅम वाढवा. पण पैसे वर्गणीचे आहेत, मोजल्याशिवाय खर्च करायला मन धजत नाही.

'टॉप' कमांडमधले ब्राउझरच्या सगळ्या प्रोसेसचे आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा) आकडे मी जोडले, तर बेरीज ४ जीबीच्याही वर! मग कळलं, सामायिक लायब्ररींची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) मेमरीतली पानं आरएसएसमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा मोजली जातात. पीएसएस या दुसऱ्या मापात ती वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये वाटून धरतात. म्हणून आता पीएसएस दाखवणारं 'स्मेम' वापरतोय, तेही सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने), नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसत नाहीत. एकूण मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडमध्येही 'अव्हेलेबल'चाच आकडा बघतो, कारण डिस्क कॅश गरजेला सुटते.

अडलंय ते इथे: पीएसएसची बेरीज जेमतेम दोन जीबी, तरी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरतोच. उरलेली मेमरी कुठे शोधू? टीएमपीएफएस (मेमरीतच ठेवलेल्या तात्पुरत्या फायली), कर्नलचा स्लॅब (लिनक्सचा गाभा स्वतःसाठी वापरतो ती मेमरी), की ग्राफिक्स? 'मेमइन्फो' या मेमरीचा तपशील देणाऱ्या फाइलमधल्या कुठल्या ओळी आधी बघाव्यात? आणि झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा स्वॅप) लावून कुणाला खरंच फरक पडलाय का? रविवारी सहाही लॅपटॉप मोकळे आहेत, सांगाल ते मोजून आकडे इथे टाकतो.