मदत हवी आहे: वाळूजला कामाला असलेल्या भावाचा खोकला थांबेना

गोदाकाठ: लहान भाऊ, वय २६. तीन-चार महिने झाले, रात्रभर खोकलायलाय, छातीत शिट्टी वाजते. दोन डॉक्टर झाले, एक्स-रे नॉर्मल. औषध संपलं की परत तेच. आई उशाशी बसून असते. घाटीला, संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, न्यावं का? लवकर सांगा.

मांजराकाठ: अडुळशाचा काढा मधातून द्या. माझ्या आईला त्यानंच गुण आला.

शॉपफ्लोर: काढ्याचं नंतर. भाऊ काम काय करतो?

गोदाकाठ: कंपनीत आहे. वर लिहिलंय की.

शॉपफ्लोर: कंपनीत वेल्डिंग, रबर, पेंट, काय?

गोदाकाठ: पेंट शॉप, स्प्रे मारतो. कंत्राटी. मास्क देतात.

शॉपफ्लोर: पेंटमध्ये हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळतात का? मास्क एन-९५ की हवेच्या नळीचा? सुट्टीत खोकला उतरतो का?

जिनिंगवाला_परभणी: धूळच असणार. ११ वर्षं जिनिंगमध्ये काढली मी. सोमवारी छाती आवळायची, शनिवारपर्यंत मोकळी व्हायची. रोज गूळ खा म्हणावं.

छाती_ओपीडी: काका, तुमचा त्रास कापसाच्या धुळीचा, बिसिनोसिस. त्यात सुट्टीनंतरचा पहिला दिवस वाईट जातो. पेंटच्या दम्यात बहुतेक वेळा उलटं, आठवडा सरेल तसा त्रास वाढतो. आणि गुळानं फुप्फुसातली धूळ निघत नाही.

जिनिंगवाला_परभणी: आमचा मुकादम सगळ्यांना गूळ वाटायचा, तो काय येडा होता का?

गोदाकाठ: भांडू नका. फोन लावून विचारलं. हार्डनर मिसळतात, मास्क एन-९५. दिवाळीत आठ दिवस अंबाजोगाईला होता, तिथं पंप न घेता शांत झोपला. डॉक्टरला हे सांगितलंच नाही आम्ही. पण दोन वर्षं काही नव्हतं, मग आत्ताच कसं?

छाती_ओपीडी: असंच होतं. पॉलियुरेथेन पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं दमा होतो. शरीर कित्येक महिने, वर्षं सोसतं. एकदा बिथरलं की अगदी थोड्यानंही दम लागतो. एन-९५ वाफ अडवत नाही. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, याचा वास यायच्या आधीच हद्द ओलांडलेली असते. हार्डनरची सेफ्टी डेटा शीट मागा, त्यात काय रसायन आहे नि धोका काय ते लिहिलेलं असतं. दम्यात एक्स-रे नॉर्मल येतो, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, करा. पीक फ्लो मीटर (श्वासाचा जोर मोजायची छोटी नळी) घेऊन दिवसातून ४ वेळा फुंकायचं, ३ आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस वहीत लिहायचे.

शॉपफ्लोर: अजून ३ आठवडे त्याच बूथमध्ये? आमच्या लाइनवरचा एक पोरगा असाच थांबला, आता जिना चढताना बसतो. आधी खातं बदलून घ्या.

छाती_ओपीडी: बूथमधून बाहेर काढाच, पण डॉक्टरला विचारून. काम सुटल्यावर नोंदी मिळत नाहीत आणि ईएसआयला (कामगार विमा, पगारातून कापतात तो) त्याच लागतात. व्यावसायिक दमा त्यांच्या यादीत आहे. बोलताना दम तुटला तर मात्र वही सोडा, थेट घाटी.

नवा_सभासद: वाळूजला कंत्राटी पगार किती देतात सध्या? पुतण्याचं आयटीआय झालंय.

गोदाकाठ: ईएसआय कापतात का तेच भावाला माहीत नाही, पगाराची पावती मागवलीय. हार्डनरच्या डब्याचा फोटो काढायला गेला तर सुपरवायझर ओरडला.

शॉपफ्लोर: फोटो राहू द्या. डब्यावरचं नाव हातावर लिहून आणायला सांगा, इथं टाका.