जुन्या कविता तोंडपाठ, नव्या का राहत नाहीत?

शमीचं_पान:
बालकवी, केशवसुत, बोरकर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. पण लायब्ररीतून मर्ढेकर, कोलटकर, ढसाळ आणले की वाचताना जाम भारी वाटतं आणि पुस्तक मिटलं की एक ओळ आठवेल तर शपथ! छंद नाही म्हणून होतं का हे? तुम्ही कसं वाचता नवीन लोकांना?

टाळकुटा:
अहो मर्ढेकरांना छंद नाही असं कोण म्हणालं तुम्हाला? 'पिपांत मेले ओल्या उंदिर' टाळी देत म्हणा, आठ मात्रा, परत आठ मात्रा. आता 'श्रावणमासी हर्ष मानसी' म्हणा. तीच चाल की! बालकवींची ओळ पुढे लांबते एवढंच, पण पाऊल तेच, आणि त्याच पावलावर एकाने हिरवळ आणली न दुसऱ्याने मेलेले उंदीर, म्हणून तर अंगावर येतं ते. १९४७ साली मर्ढेकरांचं 'काही कविता' हे पुस्तक आलं तेव्हा लोक उगाच नाही खवळले. त्यांनी अभंगही लिहिलेत, ते तर थेट तुकोबांच्या वळणाचे. डोळ्यांनी नका वाचू, तोंडाने वाचा.

चाफेकळी७:
टाळकुटा +१. पण ढसाळांना हा हिशोब लावू नका हं, 'गोलपिठा'त मात्रा मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथे दम लागतो, म्हणजे श्वास. वाक्य संपतच नाही, शिवी येते, लगेच एकदम हळवं काहीतरी येतं. मी बंद खोलीत मोठ्याने वाचते, घरचे वैतागतात. पाठ नाही झालं तरी चालतं की, सगळंच कशाला पाठ पाहिजे?

खडूस_वाचक:
स्पष्ट बोलू का, आजच्या निम्म्या कविता म्हणजे एंटर मारून तोडलेलं गद्य. ओळी जोडून वाचा, काही फरक पडला नाही तर ती कविता नव्हतीच.

चाफेकळी७:
@खडूस मग अनुराधा पाटील वाचा, 'कदाचित अजूनही', २०१९चा साहित्य अकादमी आहे त्याला. जोडा ओळी आणि सांगा. आणि पूर्वीही रद्दी ढिगाने लिहिली जायची हो, ती वाहून गेली म्हणून आपल्याला फक्त बालकवी दिसतात.

टाळकुटा:
हे बाकी खरं. शमीताई, कोलटकरांची 'चिरीमिरी' आधी घ्या. बळवंतबुवा वेश्यांना घेऊन पंढरपूरला निघतो, भाषा अशी की कीर्तनाला बसल्यासारखं वाटावं. कोलटकर म्हणजे जनाबाई-तुकाराम इंग्रजीत नेणारा माणूस, जुनं-नवं असा भेद त्याच्याकडे नव्हताच. 'भिजकी वही' नंतर, ती जाडजूड आहे, घाई करू नका.

शमीचं_पान:
थांबा थांबा, मी दोन्ही ओळी टाळी देऊन म्हणून बघितल्या, खरंच एकच चाल! आता पोरगी विचारतेय उंदरांचं गाणं कुठल्या पिक्चरमधलं. 'चिरीमिरी' लायब्ररीत नाहीये, कुठे मिळेल पुण्यात?

खडूस_वाचक:
अप्पा बळवंत चौकात विचारा. 'कदाचित अजूनही' मी पण मागवतोय, बघू.