हेडलाइट पुन्हा पिवळे पडू नयेत म्हणून काय लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांची १५ वर्षं जुनी छोटी गाडी कमी खर्चात, घरच्या घरी सजवतोय. व्हीलकॅप मॅट काळ्या केल्या, झकास दिसतात! अडलंय हेडलाइटपाशी. डावी काच ८००, १५००, मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासली. आधी दुधासारखी पांढरी झाली, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) लावल्यावर लख्ख. पण दोन महिन्यांत पुन्हा पिवळट. ही ‘काच’ खरं तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते; तिला उन्हापासून वाचवणारा मूळ थर घासताना निघून जातो, हे नंतर कळलं.

उजवी घासण्याआधी विचारतो: स्प्रेचा यूव्ही क्लिअर कोट (उन्हातले अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर) मारू की पारदर्शक फिल्म चिकटवू? कोटचे ओघळ कसे टाळता? जास्त वॉटचे बल्ब मात्र सुचवू नका, वायरिंग तापतं. स्वतः केलं असेल त्यांनी जरूर सांगा.