लिस्बनची सहल: ट्राम आणि बुरुजापलीकडे

प्रेषक: मेधा
विषय: लिस्बन सहल, काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

सहलीची नावनोंदणी काल बंद केली. 34 जण होतोय, त्यात सात मुलं. 23 ते 26 एप्रिल. हॉटेल रोसियू चौकाजवळ मिळालंय. यादीत सध्या 28 नंबरची ट्राम, बेलेमचा बुरूज आणि तिथल्या प्रसिद्ध कस्टर्डच्या पेस्ट्र्या एवढंच आहे. अपर्णाताई, तुम्ही अकरा वर्षं तिथे राहताय. मुलांना गोष्ट म्हणून सांगता येईल आणि मोठ्यांनाही नवीन वाटेल असं काही सुचवाल का?

मेधा

---

प्रेषक: अपर्णा
विषय: उत्तर: लिस्बन सहल, काय बघायचं?

मेधा, मंडळी,

मुलांपासूनच सुरुवात करते. बेलेमच्या बुरुजासमोर सगळे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मुलांना सांगा, कोपऱ्यातल्या टेहळणीच्या छोट्या बुरुजांखाली नीट बघा, एका ठिकाणी गेंड्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसानं झिजलंय, पण शोधलं की सापडतं. हा गेंडा आपल्याकडचा. हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क यानं दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला 1514 मध्ये गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील पाठवले. परवानगी काही मिळाली नाही, नजराणा म्हणून गेंडा मिळाला. अल्बुकर्कनं तो गोव्याहून जहाजात चढवून राजा मानुएलकडे रवाना केला. 20 मे 1515 ला तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. इथल्या लोकांनी त्याला म्हटलं 'गांदा'. मोठ्यानं म्हणून बघा, आपला गेंडाच ऐकू येतो.

हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असतात असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलं होतं. ते खरं का, हे बघायला राजानं 3 जूनला दोघांना समोरासमोर उभं केलं. हत्ती लहान होता, तो घाबरून पळाला. या गेंड्याचं वर्णन आणि एक कच्चं चित्र न्यूरेंबर्गला पोचलं आणि आल्ब्रेख्त ड्यूररनं त्यावरून लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यानं गेंडा कधीच पाहिला नव्हता. म्हणून त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारख्या पट्ट्या आहेत आणि मानेमागे एक जादा शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातली माणसं गेंडा म्हणजे तसाच असतो असं धरून चालली. खऱ्या गेंड्याचा शेवट फार वाईट झाला. राजानं तो पोपला भेट पाठवला, 1516 च्या सुरुवातीला जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालं, आणि साखळदंडानं बांधलेला असल्यामुळे त्याला पोहताही आलं नाही. हा भाग लहानांना सांगायचा की नाही ते आईवडिलांनी ठरवावं.

दुसरी गोष्ट, बाजारात जाल तेव्हा कान उघडे ठेवा. बटाट्याला इथे 'बटाटा'च म्हणतात. अननस, काजू, पपई हीही आपलीच वाटतात. चावीला 'शाव', कोबीला 'कोव', बादलीला 'बाल्द', घमेल्याला 'गामेला'. पाव तर सकाळी बेकरीतच भेटेल. हे सगळे शब्द चार-पाचशे वर्षांपूर्वी गोवा, चौल, वसईच्या बंदरांतून आपल्या स्वयंपाकघरात आले आणि आता आपण ते परके म्हणून ओळखतही नाही. पहिल्या वर्षी भाषा येत नव्हती, घरमालकीण दारात उभी राहून काहीतरी भराभर सांगत होती, आणि त्यातून एकदम 'शाव' एवढं कळलं. त्या दिवशी मला या शहराबद्दल जी जवळीक वाटली ती आजवर आहे.

तिसरी, भूकंप. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळी पावणेदहाच्या सुमाराची वेळ, चर्चमध्ये गर्दी, सगळीकडे मेणबत्त्या. धक्क्यांनी छपरं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. पडणाऱ्या घरांपासून जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या मैदानात धावले आणि तिथेच थोड्या वेळानं समुद्राची लाट आली. आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. राजा जुझे वाचला, पण दगडी छपराखाली झोपायची त्याला कायमची धास्ती बसली. उरलेलं आयुष्य तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. मंत्री पोंबाल यानं देशभरातल्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती घरं पडली, विहिरींचं पाणी वाढलं की आटलं, समुद्र आधी मागे सरला का? देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या काळात हे प्रश्न विचारले गेले. त्या उत्तरांवरून आजही भूकंपतज्ज्ञ अभ्यास करतात. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवायचा असा नियम झाला, म्हणजे धक्का बसला तर भिंत लवेल, घर कोसळणार नाही. तुमचं हॉटेल भूकंपानंतर नव्यानं बांधलेल्या भागाच्या टोकाला आहे. रस्ते इतके सरळ का, हे आता बघताक्षणी कळेल.

आणि ज्यांना मुंबईची ओढ आहे त्यांनी साओ व्हिसेंते द फोराच्या मठात जावं. तिथे ब्रगांझा घराण्याच्या समाध्या आहेत, त्यात कॅथरीन आहे. 1661 च्या तहात तिच्याबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली गेली हे आपण शाळेत शिकलो. ती विधवा झाल्यावर लिस्बनला परत आली, काही काळ भावाच्या वतीनं राज्यकारभारही पाहिला आणि 1705 च्या शेवटच्या दिवशी इथेच वारली, हे मला इथे आल्यावर कळलं. मुंबई तिनं कधी पाहिली नाही.

मुंबई पाहिलेला माणूस वेगळा. गार्सिया द ओर्ता, लिस्बनला शिकवणारा वैद्य, 1534 मध्ये जहाजानं हिंदुस्थानात आला. मुंबई बेट त्याला खंडानं मिळालं होतं, आणि तिथल्या आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं असं त्यानं कौतुकानं लिहून ठेवलंय. आपल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. तो मेल्यावर वर्षभरात त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयानं जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून काढून जाळली. रोसियू चौकात जे देखणं राष्ट्रीय नाट्यगृह दिसेल, त्या जागी लिस्बनच्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. तिथून जाताना ओर्ताची आठवण काढा एवढंच सांगते. नदीपलीकडे अल्मादाला आज त्याच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे.

अपर्णा

---

प्रेषक: आनंद
विषय: उत्तर: लिस्बन सहल, काय बघायचं?

अपर्णाताई, शब्दांचं वाचून राहवलं नाही. माझं आजोळ रेवदंड्याचं. खाडीपलीकडे कोर्लई, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. तिथली ख्रिस्ती मंडळी घरात आजही पोर्तुगीजमधून निघालेली बोली बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, आपली भाषा. मराठ्यांनी चौल-कोर्लई घेऊन पावणेतीनशे वर्षं झाली. पोर्तुगीज गेले, बोली राहिली. लहानपणी बाजारात कोळणी मराठीत भाव करायच्या आणि एकमेकींकडे वळून त्या बोलीत बोलायच्या, ते मला जादूसारखं वाटायचं. लिस्बनमध्ये कुणाला कोर्लई ठाऊक आहे का, हे मी विचारणार आहे.

आनंद

---

प्रेषक: श्रीधर
विषय: उत्तर: लिस्बन सहल, काय बघायचं?

सर्वांस नमस्कार.

अपर्णा, फार छान लिहिलंस. पण एक नाव राहिलं आणि ते आपल्या सहलीत राहू नये असं मला वाटतं. मोहन रानडे.

मी सांगलीचा, तेही सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात लढले. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. 26 वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेलं. लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ते कैदेत होते. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. ज्याच्यासाठी तुरुंगात गेले ते झालं, आणि तरी ते सात वर्षं आणखी तिथेच होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी पेपर मोठ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच थांबले, पुढचं वाक्य त्यांना वाचवेना. आईनं देवापुढे साखर ठेवली.

तो किल्ला लांबून तरी दिसतो का? माझे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत, पण तिथवर नेलंत तर मी येईन.

श्रीधरकाका

---

प्रेषक: अपर्णा
विषय: काशियस

काका,

तुमची मेल काल रात्री दोनदा वाचली. अकरा वर्षांत त्या स्टेशनवरून मी शेकडो वेळा गेले असेन. हे नाव मला माहीत होतं, पण मी एकदाही उतरले नाही, याचं मनापासून वाईट वाटलं. म्हणून आज दुपारी जाऊन आले.

काईश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशची लोकल घ्यायची. सगळी वाट नदीकाठानं, बेलेमही त्याच मार्गावर. अर्ध्या तासाच्या आत काशियस येतं. तिथे आजही तुरुंग चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि फाटकाशी गर्दी करणंही बरं नाही. पण तुम्हाला चढायची गरज नाही. स्टेशनजवळच समुद्राला लागून सपाट वाट आहे, बसायला जागा आहे.

आणि काका, आपल्या तारखा बघा. 25 एप्रिल आपल्या सहलीत येतोय. 1974 मध्ये त्याच दिवशी इथल्या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. सेलेस्ते कायरो नावाची बाई रेस्टॉरंटमधून कार्नेशनची फुलं घेऊन घरी निघाली होती. एका सैनिकानं तिच्याकडे सिगरेट मागितली, तिच्याकडे नव्हती, म्हणून तिनं फूल दिलं आणि त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं. संध्याकाळी पंतप्रधान कायतानु कार्मूच्या चौकातल्या बराकीत शरण आला. तिला लागूनच 1755 च्या भूकंपात छप्पर उडालेलं चर्च आहे, तेव्हापासून आभाळाखाली उघडं. मग 26 च्या रात्री काशियसची दारं उघडली आणि राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोर्तुगालनं करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. रानडे सुटून तेव्हा सहा वर्षं होत आली होती.

पावसापाण्याचं झालं तर अल्जुबचं संग्रहालय आहे, कॅथेड्रलशेजारी. राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग, तिथल्या कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. 28 नंबरची ट्राम दारावरूनच जाते.

अपर्णा

---

प्रेषक: मेधा
विषय: सुधारित कार्यक्रम

मंडळी,

25 तारखेचा कार्यक्रम बदललाय. सकाळी नऊ वाजता काईश दु सोद्रे स्टेशनवर जमायचं. आधी थेट काशियस, परतताना बेलेमला उतरून मुलांसाठी गेंडा. सुटीचा दिवस आहे, दुपारी लिबर्दाद रस्त्यावर मोठी मिरवणूक असते, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. कार्मूचा चौक संध्याकाळी.

त्या दिवशी लाल कार्नेशन कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात असं अपर्णाताई म्हणाल्या. प्रत्येकी एक घ्या. श्रीधरकाकांच्या शेजारची सीट माझी, हे आत्ताच सांगून ठेवते.

मेधा