प्रतिसाद: शिरेतून पोषण आणि आयसीयूचं बिल

‘शिरेतून पोषण पहिल्या दिवसापासून दिलं की पेशंट लवकर घरी जातो आणि खर्च भरून निघतो’ हे आधीच्या एका पोस्टमधलं विधान मला पटत नाही. बेल्जियममधल्या एपॅनिक चाचणीत (2011, 4640 रुग्ण) नळीच्या आहाराला (नाकातून पोटात घातलेल्या नळीने दिलेल्या) शिरेतली जोड 48 तासांत देण्याऐवजी आठव्या दिवसापर्यंत थांबवली, तेव्हा संसर्ग कमी झाले आणि दर रुग्णामागे सुमारे 1110 युरो वाचले. आतडं चालत असेल तर 24-48 तासांत नळीतून सुरुवात करावी. आतडं बंदच असेल तेव्हा गणित वेगळं.

पैसा खरा वाया जातो तो अर्धवट दिलेल्या फीडमध्ये (नळीतून द्यायच्या पातळ आहारात). 60 किलोच्या पेशंटला, सुरुवातीचे दिवस गेल्यावर, दर किलोला 25 किलोकॅलरीच्या हिशोबाने दिवसाला 1500 लागतात, म्हणजे 1 किलोकॅलरी/मिली फीड ताशी साधारण 62 मिली. सीटी आणि प्रोसिजरसाठी सहा तास बंद राहिलं की 375 किलोकॅलरी गेल्या. म्हणून ताशी वेगाऐवजी दिवसाचं एकूण माप ठरवावं आणि राहिलेलं नंतर वेग वाढवून भरावं. पोटात 200 मिली उरलं म्हणून फीड थांबवू नये. मर्यादा 500 ची आहे.

प्रथिनं 1.3 ग्रॅम/किलोने 78 ग्रॅम हवीत. लिटरला 40 ग्रॅमच्या फीडच्या 1500 मिलीतून 60 च मिळतात. ही तूट साध्या प्रोटीन पावडरने भरते, त्यासाठी महागडा ‘स्पेशल’ डबा लागत नाही.

पुण्यात नातेवाईकांना फीडच्या पावडरचे डबे आणायला सांगतात, तिथे कालवलेलं फीड चार तासांनंतर टाकून द्यायचं, हे नक्की सांगा. उरलेलं वापरून जुलाब लागले तर आयसीयूच्या प्रत्येक जादा दिवसाचं भाडं डब्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पडतं.