काजू प्रक्रियेचा लहान कारखाना टाकावा का? (दोडामार्ग, सिंधुदुर्ग)

तिलारीकाठचा (प्रश्न)

नमस्कार. मी दोडामार्ग तालुक्यातला. पुण्याजवळच्या एका कारखान्यात नऊ वर्षे नोकरी करून गेल्या पावसाळ्यात घरी परतलो आणि आता इथेच काही उद्योग उभा करावा, असे मनात आहे. आमची चार एकर काजूबाग आहे. वडिलांनी ती १९९४ साली रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून, शंभर टक्के अनुदानावर लावली. कलमे बहुतेक वेंगुर्ला-४ या सुधारित जातीची असून बांधाच्या कडेने थोडी गावठी झाडे आहेत. वर्षाला सरासरी दोन टन बी मिळते आणि आजवर ती आम्ही दारात टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यालाच घालत आलो. दर तो सांगतो, काटाही त्याचाच, आणि मे महिन्यात आभाळ भरून आले की तोच दर आणखी उतरतो.

यंत्रे विकणाऱ्या एका विक्रेत्याने मला दिवसाला एक क्विंटल बी फोडणाऱ्या कारखान्याचा प्रकल्प अहवाल करून दिला आहे. शेड, बॉयलर, कटिंग मशीन, बोरमा (गर सुकवण्याची भट्टी), साल काढण्याचे यंत्र आणि पॅकिंग मशीन मिळून खर्च १८ लाख रुपये दाखवला असून, त्यावर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळेल आणि उरलेले कर्ज तीन वर्षांत फिटेल, असे त्याचे म्हणणे आहे. आईचे म्हणणे असे की, धंदा इतका सोपा असता तर व्यापाऱ्याने आपल्यापर्यंत येऊ दिला नसता. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी या १८ लाखांच्या अहवालात काय राहून गेले आहे ते कृपया सांगावे.

चंदगडकर

आपल्या आईंचे म्हणणे अहवालापेक्षा अधिक अभ्यासाचे आहे. मी चंदगड तालुक्यात अकरा वर्षे असाच कारखाना चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अहवालात राहून गेली आहे ती बी. यंत्रे एकदा घ्यावी लागतात, बी दरवर्षी घ्यावी लागते, आणि तीही मार्च ते मे या अडीच-तीन महिन्यांत, वर्षभराची एकदम. हिशेब करून पाहा. रोज एक क्विंटल आणि वर्षाचे २५० दिवस काम धरले, तर २५ टन बी लागते. दर हंगामागणिक बदलतो, म्हणून नुसत्या हिशेबापुरता किलोला १३० रुपये धरू. बियांचेच साडेबत्तीस लाख होतात. आपल्या बागेतली दोन टन वजा केली, तरी तीस लाखांच्या आसपास रोख रक्कम उन्हाळ्यात हाताशी हवी, कारण शेतकरी काट्यावरच पैसे मागतो, आणि त्याने ते मागावेतच. १८ लाखांचा कारखाना चालवायला दरवर्षी तीस लाखांचा माल भरावा लागतो, ही गोष्ट मला पहिल्या वर्षी कोणी सांगितली नव्हती. त्या वर्षी माझ्याकडची बी गणपतीच्या आधीच संपली आणि बॉयलर फाल्गुनापर्यंत थंड राहिला. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा जातच होता.

हे पैसे कर्जाने उभे केले, तर व्याजही बियांच्याच अंगावर पडते. साठा वर्षभरात हळूहळू संपतो, म्हणून सरासरीने निम्म्या रकमेवर व्याज धरा. ११ टक्क्यांनी साडेबत्तीस लाखांवर वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार रुपये होतात. शंभर किलो बियांतून २५ किलो गर मिळतो असे मानले, तर २५ टनांतून सव्वासहा टन गर तयार होईल, म्हणजे प्रत्येक किलो गरावर केवळ व्याजाचे २८-२९ रुपये चढले. मजुरी, वीज, डबे, हमाली हे सारे त्यानंतरचे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते घटीचे. एप्रिलमध्ये घेतलेली बी कितीही कोरडी दिसली, तरी तिच्यात पाणी असते. ती दोन-तीन दिवस खळ्यात चांगली वाळवून, मुठीत घेऊन हलवल्यावर खडखडली की मगच बारदानात भरायची आणि पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचायची. या वाळवणीत शंभर किलोंचे ९२ ते ९५ किलो होतात. जो ही घट टाळण्यासाठी ओलसर बी कोंडून ठेवतो, त्याला श्रावणात पोते फोडल्यावर आत काळा गर मिळतो. शेवटच्या तोडणीची, वळवाने भिजलेली बी स्वस्त मिळते म्हणून मी एकदा चार टन घेतली होती. त्या वर्षी माझ्याकडे मिठाईवाल्यांनाही नको असलेला माल सर्वाधिक होता, एवढेच सांगतो.

दरावर आपले नियंत्रण नाही, हेही ध्यानात असू द्या. आपल्या देशातल्या कारखान्यांना पुरेल इतकी बी देशात पिकत नाही, म्हणून टांझानिया, आयव्हरी कोस्ट अशा देशांतून ती जहाजाने येते. तिकडची बी स्वस्त उतरली की मोठे कारखानदार तिच्याकडे वळतात आणि इकडचा दर कोसळतो. शेतकरी म्हणून तो फटका आपण सोसलाच आहे. कारखानदार झाल्यावर तोच फटका उलट्या बाजूने बसतो. मे महिन्यात चढ्या दराने भरलेले गोदाम घेऊन आपण बसलेले असतो आणि दिवाळीच्या तोंडावर बाजारात स्वस्त गर येतो.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगतो. बॉयलर आणि बोरमा चांगला घ्या, कटिंग हातापायाने चालणाऱ्या साध्या यंत्रांवर सुरू करा, आणि साल काढण्याच्या यंत्राला हवाही जोराची लागते, वीजही सलग लागते. आमच्याकडे जुलैत वीज किती सलग असते, हे आपल्याला सांगायला नको.

निवृत्त शाखाधिकारी

वरील हिशेब योग्य आहे. बँकेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या योजनेविषयी गैरसमज फार आहेत.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे आणि स्वतःचा किमान १० टक्के हिस्सा घालावा लागतो. आपल्या बाबतीत अनुदान ६ लाख ३० हजार होईल आणि हिस्सा १ लाख ८० हजार. मात्र हे अनुदान आपल्या हातात पडत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि कर्जखाते तीन वर्षे नियमित राहिले व उद्योग चालू असला, तरच कर्जात जमा होते. हप्ते थकले की अनुदानाचा भरवसाही गेला. शिवाय हे अनुदान शेड आणि यंत्रांसारख्या भांडवली खर्चासाठी आहे. बी विकत घेण्यासाठी खेळते भांडवल निराळ्या कॅश क्रेडिट मर्यादेतून (ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसे उचलायचे कर्ज) उभारावे लागते आणि त्यासाठी शाखा तारण मागते, आधीची उलाढाल पाहते. नव्या उद्योगाला उलाढाल कोठून असणार? म्हणून अनेकांना यंत्रांचे कर्ज सहज मिळते आणि बियांचे मिळत नाही. माझ्या शाखेत मंजुरीसाठी येणाऱ्या अहवालांत खेळत्या भांडवलाचे पान बहुधा शेवटचे आणि सर्वांत कोरे असे. मी ते पान आधी उघडायचो.

एक करविषयक मुद्दाही आहे. काजूगराची वार्षिक विक्री ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि २५ टन बी फोडणारा उद्योग त्या मर्यादेपर्यंत सहज पोहोचतो. नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली की तिच्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, तो खरेदीदाराला स्वतः रोखीने भरावा लागतो. पुढे गर विकताना त्याची वजावट मिळते, पण खरेदी उन्हाळ्यात आणि विक्री वर्षभर, त्यामुळे साडेबत्तीस लाखांवरचे १ लाख ६२ हजार आधी भरून वजावटीची वाट पाहत राहावे लागते.

आपल्या स्वतःच्या दोन टनांसाठी मात्र एक सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बीचा समावेश असून, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. योजना फक्त उत्पादक शेतकऱ्यासाठी आहे, खरेदीदारासाठी नाही. आपल्या भागातली समिती ती प्रत्यक्ष राबवते का, हे आधी जाऊन विचारा, कारण कागदावरची योजना आणि कुलूप उघडे असलेले गोदाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गरवाली

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका बचत गटात आहे. आम्ही बारा जणी गर सोलण्याचे आणि निवडण्याचे काम करतो. वरच्या दोघांनी पैशांचे सगळे सांगितले आहे, पण तो पैसा शेवटी बायकांच्या बोटांवर ठरतो, त्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

अख्खा गर आणि तुकडा यांच्या दरात मोठा फरक असतो. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, २४०पर्यंत गर. डब्ल्यू-३२० म्हणजे ३२०पर्यंत. आकडा जितका लहान, गर तितका मोठा आणि भाव तितका चांगला. तोच गर मधून उकलला की पाकळी, मोडला की तुकडा, आणि चुरला की कणी, जी काजूकतलीवाला घेतो. बी नीट वाफवली नसेल तर कापताना गराला पाते लागते, वाफ जास्त झाली तर गर पिवळा पडतो, आणि बोरम्यातून काढलेला गर पावसाळी हवेत तसाच राहिला तर दोन तासांत मऊ होतो आणि साल त्याला चिकटून बसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही बोरम्याचा एक-एक ट्रे लागेल तसाच बाहेर काढतो. हे शिकायला आम्हाला एक पूर्ण पावसाळा आणि बराच तुकडा लागला.

कापणाऱ्या बाईच्या हाताकडेही पाहा. टरफलातले तेल कातडी जाळते. खोबरेल किंवा एरंडेल चोळून, वर राख लावून बायका बसतात, तरी हंगामाच्या शेवटी बोटांची साले निघतात. हातमोजे दिले तर वेग कमी होतो आणि मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्या ते काढून ठेवतात. मजुरी नुसत्या वजनावर न ठरवता अख्ख्या गराला थोडा जास्त दर द्या; मोडीचे प्रमाण उतरते, हा आमचा अनुभव आहे. आणि वर्षाचे २५० दिवस हा आकडा अहवालातच राहू द्या. लावणी, चतुर्थी, भातकापणी आणि शिमगा या चार वेळा कोणीही कामाला येत नाही, मीसुद्धा नाही.

विक्रीचे आधी ठरवा. व्यापाऱ्याला डबे दिले तर पैसे महिना-दीड महिन्याने येतात. आमचा सगळ्यांत चांगला माल चतुर्थीला आलेले चाकरमानी परतताना नेतात, अर्ध्या किलोची पाकिटे, रोखीने. गटामार्फत गेलात तर त्याच सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, हेही आईंच्या कानावर घाला. गावात गट असेलच.

तिलारीकाठचा

तिघांचेही मनापासून आभार. आईला सगळे वाचून दाखवले. राखेच्या ओळीपाशी ती म्हणाली, ही बाई खरे लिहिते आहे.

या वर्षी यंत्रे घेणार नाही, एवढे ठरले. आमची दोन टन बी नीट वाळवून ठेवायची, शेजारच्या गावातल्या एका कारखान्यात मजुरीवर फोडून घ्यायची आणि गर स्वतः विकून पाहायचा, असा विचार आहे. कारखानदार तयार आहे, कारण नोव्हेंबरनंतर त्याच्याकडे बीच नसते. तो म्हणतो, शंभर किलोंना २४ किलो गर परत देईन, टरफल माझे. मला हे कमी वाटले, म्हणून काल घरीच पाहिले. वाळवलेली एक किलो बी मोजली, १४८ भरली. पाण्यात टाकल्यावर सहा तरंगल्या, म्हणजे पोकळ निघाल्या. सगळी अडकित्त्याने फोडून आतला गर वजन केला, तर २६४ ग्रॅम आला. म्हणजे तो किलोमागे २४ ग्रॅम ठेवून घेतो आहे का?

चंदगडकर

मोजून पाहिलेत हे फार चांगले केलेत. दहा वर्षे बी विकणाऱ्यांतही असे करणारा मला क्वचित भेटला. १४८ हा आकडाही वाईट नाही. वेंगुर्ला-४ची बी साधारण पावणेआठ ग्रॅमची असते, म्हणजे किलोला १३०च्या आसपास. आपल्यात गावठी मिसळली आहे. शक्य झाले तर ती वेगळी भरा, म्हणजे मोठ्या बियांचा गर मोठ्या प्रतीत जाईल.

मात्र आपण वजन केलेत तो गर सालीसकट आणि ओलसर आहे. बोरम्यात तो सुकतो आणि नंतर साल निघते, या दोन्हींत मिळून शंभराला दहा-अकरा जातात. २६४चे २३५ ते २३८ होतील. त्या माणसाने २४ किलो सांगितले आहेत, तेव्हा तो आपले काही ठेवून घेत नाही, उलट मोडतोडीचा धोका स्वतःकडे घेतो आहे. त्याच्याशी बोलायचे असेल तर २४ किलोंत अख्खा किती आणि तुकडा किती, यावर बोला, आणि ते कागदावर घ्या. बी पोहोचवाल तेव्हा काट्यापाशी स्वतः उभे राहा, आणि प्रत्येक पोत्यातून एक मूठ बाजूला काढून घरी ठेवा.