न मळता केलेला ब्रेड आतून चिकट का राहतो? आणि बॅटर ब्रेड म्हणजे वेगळं काय?

भुरभुर:
मंडळी, मनगटाच्या दुखण्यामुळे मळणं बंद आहे म्हणून नो-नीड ब्रेड करायला घेतलाय. ४०० ग्रॅम मैदा, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ आणि ३२० मिली पाणी, सगळं चमच्याने कालवून रात्रभर झाकून ठेवते. सकाळी मस्त जाळी पडलेली असते, पण पीठ इतकं सैल की हातात धरवत नाही, मग सरळ लोफ टिनमध्ये ओतते आणि २०० डिग्रीला ३५ मिनिटं भाजते. वरून छान तांबूस, आतून चिकट. जाड झाकणाचं भांडं नाहीये माझ्याकडे, त्यामुळे होतंय का असं? आणि बॅटर ब्रेड नावाचा प्रकार वाचला, तो हाच ना?

पीठपुराण:
भांड्याचा दोष नाही, भाजणं कमी पडतंय. ४०० ला ३२० म्हणजे ८०% पाणी, एवढं ओलं पीठ २०० वर ३५ मिनिटांत आतपर्यंत शिजणं कठीणच. ही पद्धत २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरमुळे सगळीकडे पोचली, त्यात ओव्हन २३० च्या आसपास असतो आणि तापलेल्या भांड्यात अर्धा तास झाकून, मग झाकण काढून अजून पंधरा-वीस मिनिटं भाजतात. झाकणाचं काम एवढंच की पिठातलीच वाफ आत कोंडते, वरची साल लवकर कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला वेळ मिळतो. तुम्ही टिनवर फॉइल सैलसर घुमटासारखी लावा, पहिली २५-३० मिनिटं ठेवा, मग काढा. थर्मामीटर असेल तर मधोमध ९५-९८ डिग्री यायला हवं. आणि गरम गरम कापू नका! आतला स्टार्च गार होताना बसतो, त्याआधी सुरी घातली तर नीट भाजलेला ब्रेडही चिकटच वाटणार.
पाणी ३०० वर आणा, हाताळायला सोपं जाईल.

चमचाबहाद्दर:
पाणी कमी करायला माझा विरोध 😀 टिनमध्येच जाणार असेल तर आकार द्यायचाय कुणाला, टिन धरतोच की. नो-नीडमध्ये मळायचं काम पाणी आणि वेळ मिळून करतात, भरपूर पाण्यात ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) आपलंआपण जुळत जातं, म्हणून तर पाव चमचा यीस्ट आणि १२ ते १८ तास. पण हे तास साधारण २१ डिग्रीच्या खोलीतले! स्वयंपाकघर ३० च्या आसपास असेल तर आठ तासांतही काम होऊ शकतं, घड्याळाकडे नाही तर पिठाकडे बघा. वर बुडबुडे आणि दुप्पट फुगवटा असेल तर झालं. मध्ये खड्डा पडून दारूसारखा वास यायला लागला तर ते उतरलेलं पीठ, ग्लूटेन तुटायला लागलेलं असतं, तुमचं इतकं सैल होतंय ते कदाचित यामुळेच.
बॅटर ब्रेड वेगळा. त्यात वेळेऐवजी फेटणं असतं. ४०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम यीस्ट, कोमट दूध, लोणी, हवं तर अंडं, आणि लाकडी चमच्याने नाहीतर मिक्सरने पीठ ताणून तारा दिसायला लागेपर्यंत फेटायचं. मग थेट टिनमध्ये, अर्ध्याच्या वर भरायचं नाही, काठाच्या जरा खाली आलं की १९० वर ३५-४० मिनिटं. जास्त फुगू दिलं तर ओव्हनमध्ये मधून बसतं. दोन तासांत ब्रेड हातात. जाळी जरा ओबडधोबड आणि चवीला नो-नीडची सर नाही (ती सावकाश आंबण्यातून येते), पण टोस्टला झकास.

भुरभुर:
अरे वा, फॉइलचं डोक्यातच आलं नव्हतं. दुखऱ्या मनगटाने फेटणं जमेल असं वाटत नाही, तेव्हा नो-नीडच. सकाळी वेळ नसेल तर पीठ तसंच ठेवता येईल का? आणि अर्ध्या मैद्याऐवजी कणीक (गव्हाचं पीठ) चालेल?

पीठपुराण:
फुगलं की फ्रिजमध्ये टाका, दोन दिवस आरामात टिकतं, चव उलट सुधारते. कणीक आधी तिसरा हिस्सा घालून बघा, कोंड्यामुळे ग्लूटेन कमकुवत होतं आणि पाणी जास्त ओढलं जातं, त्यामुळे तेव्हा ३२० चे ३३० करा. हो, आता मीच पाणी वाढवा म्हणतोय, चमचाबहाद्दरांनी हसू नये.